झील कुणाच्या मागे?

मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठांवर, आणि आता समीक्षेतही, एक क्रियापद फार सैल हाताने वापरले जाऊ लागले आहे. कादंबरी वाचकाला 'वेढून टाकते'. कविता 'चहूबाजूंनी येते'. नाटक प्रेक्षकाला 'आत ओढून घेते', आणि ज्या कलाकृतीला यांतले काहीच साधत नाही ती वाचकाच्या 'समोरच राहते' म्हणून उणी ठरते. समोर राहणे हा दोष केव्हापासून झाला, याची चौकशी कुणी केलेली आमच्या पाहण्यात नाही. ही परिभाषा रसचर्चेतून आलेली नाही. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातून तर नाहीच नाही. आमचा संशय असा की ती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानातून आली आहे, आणि साहित्याचे अध्यापक तिची री ओढत आहेत.

संशयाला आधार आहे. आमच्या परिचयाच्या एका प्राध्यापकांनी काही वर्षांपूर्वी घरी सात स्पीकर आणि एक सबवूफर असे होम थिएटर बसवले. आम्हांला ते ऐकवताना ते म्हणाले, "आता सिनेमा पाहायचा नाही, सिनेमात राहायचे." वाक्य त्यांचे नव्हते, विक्रेत्याचे होते, त्यांनी ते विश्वासाने स्वीकारले होते एवढेच. सहाएक महिन्यांनी एका नव्या कादंबरीवरच्या त्यांच्या परीक्षणात तेच वाक्य 'सिनेमा'च्या जागी 'कादंबरी' घालून अवतरले. मोठ्या पाल्हाळिक कादंबरीला त्यांनी त्यात श्रेष्ठ ठरवले होते, कारण ती 'सर्व दिशांनी बोलते'. त्या परीक्षणाला उत्तर द्यायचे तर आधी त्या स्पीकरांना उत्तर द्यावे लागेल. म्हणून साहित्याच्या वाचकांना थोडा वेळ यंत्रांच्या दुकानात घेऊन जाण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

घरगुती सराउंड ध्वनीचा पायाभूत आकडा ५.१ हा. पुढे डावा, मधला, उजवा असे तीन चॅनेल, बाजूंचे दोन, आणि केवळ खर्जासाठी एक. हा शेवटचा साधारण १२० हर्ट्झपर्यंतचेच आवाज वाहतो, म्हणून त्याची गणना पूर्णांकात होत नाही. बाजूंच्या दोहोंना बोलीभाषेत 'मागचे' म्हणतात, पण ते खरोखर मागे नसतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार नाकासमोरची दिशा शून्य धरली तर त्यांची जागा दोन्ही बाजूंना १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेच्या जरासे मागे असते. डोक्याच्या थेट पाठीमागे काहीच नसते. तिथे एक पोकळी राहते, आणि बाजारपेठेला पोकळी सहन होत नाही.

१९९९ साली 'स्टार वॉर्स'च्या मालिकेतील 'द फँटम मेनेस' प्रदर्शित झाला तेव्हा ही पोकळी भरण्यात आली. कल्पना स्कायवॉकर साउंडच्या गॅरी रायडस्ट्रॉम यांची, तंत्र डॉल्बी आणि लुकासफिल्मच्या टीएचएक्स या विभागाचे, नाव डॉल्बी डिजिटल सराउंड ईएक्स. अडचण अशी होती की चित्रपटाच्या प्रतीवरील डिजिटल ध्वनिमार्गात सहाव्या पूर्ण चॅनेलला जागाच नव्हती. मग तो मागचा मधला आवाज बाजूंच्या दोन चॅनेलांमध्ये विरघळवला गेला. ऐकण्याच्या टोकाला बसलेले यंत्र त्या दोहोंत सामाईक काय आहे ते ताडते, ते बाहेर काढते, आणि मागे पाठवते. या पद्धतीला मॅट्रिक्स म्हणतात. म्हणजे ज्याला ६.१ म्हणून विकले गेले त्यातला सहावा चॅनेल हा ध्वनिमुद्रित चॅनेल नसून एक अनुमान होते.

हे वाचताना साहित्याच्या विद्यार्थ्याला मोह होईल. दोन शब्दांच्या मधून तिसरा अर्थ निघावा, तसा दोन चॅनेलांमधून तिसरा आवाज निघतो. ही तर व्यंजनाच झाली! आम्हांलाही हा मोह झाला होता. परंतु मॅट्रिक्स जे बाहेर काढते ते कुणीतरी ठरावीक नियमाने आत घातलेले असते, आणि त्याच नियमाने ते निघते. हे कुलूप-किल्लीचे काम आहे. आनंदवर्धनाला अभिप्रेत असलेला सहृदय या व्यवहारात कुठेच लागत नाही.

प्रतिस्पर्धी डीटीएसने यावर तोड काढली. त्यांच्या डीटीएस-ईएसचा एक प्रकार मॅट्रिक्सचाच होता, पण दुसऱ्यात मागचा चॅनेल स्वतंत्रपणे वाहून नेला जाई. २००२ साली 'द फेलोशिप ऑफ द रिंग'ची विस्तारित आवृत्ती डीव्हीडीवर आली, तिच्यात डॉल्बीचा ईएक्स आणि डीटीएसचा स्वतंत्र ६.१ असे दोन्ही ध्वनिमार्ग होते. त्या काळात 'खरे ६.१ कोणते' यावर शौकिनांमध्ये जे वाद झाले त्यांची धार आपल्याकडच्या 'अस्सल देशी कोण' या वादांहून कमी नव्हती, आणि फलनिष्पत्तीही साधारण तेवढीच होती.

मग एक निराळीच अडचण पुढे आली, आणि आमच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली हीच सर्वांत बोधप्रद गोष्ट. आवाजाची दिशा आपल्याला मुख्यतः दोन कानांतील फरकावरून कळते: एका कानाशी आवाज आधी पोचतो, दुसऱ्याशी किंचित नंतर, एका कानात तो मोठा, दुसऱ्यात डोक्याच्या आडोशाने लहान. वेळेतला हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या हिश्श्याइतका असतो. आता स्पीकर थेट पाठीमागे ठेवा. आवाज दोन्ही कानांशी एकाच क्षणी, सारखाच पोचतो. पण थेट समोरच्या स्पीकरचेही तसेच होते! कानाच्या पाळीच्या घडणीमुळे थोडा भेद कळतो, मान वळवली तर अधिक कळतो. पण पडद्याकडे डोळे लावून स्थिर बसलेल्या माणसाला पाठीमागचा एकटा स्पीकर समोरून बोलतो आहे असा भास होऊ शकतो. म्हणजे मागची पोकळी भरण्यासाठी आणलेला आवाज पोकळी ओलांडून पुढे येऊन बसणार. यावर उपाय म्हणून तोच एक चॅनेल मागे दोन स्पीकरांत वाटून देण्याची शिफारस झाली. सातवे खोके अशा रीतीने सहाव्याची चूक झाकण्यासाठी घरात आले, आणि त्याच्यासह आकडा ७.१ झाला.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. २००३ च्या सुमारास डॉल्बीचे प्रो लॉजिक टू-एक्स आले, ते ५.१ मधून, इतकेच काय दोन चॅनेलांच्या साध्या स्टिरिओमधूनही सात स्पीकरांना पुरेल असा आवाज निर्माण करी. २००६ पासून ब्लू-रेवर मागचे दोन्ही चॅनेल खरोखर स्वतंत्र आणि मूळ ध्वनीत काटछाट न करता देण्याची सोय झाली. आणि चित्रपटगृहात हीच मांडणी डॉल्बी सराउंड ७.१ या नावाने पोचली ती २०१० साली, 'टॉय स्टोरी ३'च्या वेळी. म्हणजे ज्या थिएटरचा अनुभव घरी आणल्याचे सांगून खोकी विकली गेली, त्या थिएटरात ती मांडणी नंतर आली. २०१२ पासून डॉल्बी ॲटमॉसने छतही व्यापले. त्याविषयी निराळे काही म्हणण्यासारखे नाही, दिशा वाढली, तर्क तोच राहिला.

यात एक उपेक्षित अपवाद आहे. १९९३ साली सोनीने एसडीडीएस हे तंत्र आणले, आणि त्यातले जादा दोन चॅनेल मागे नव्हे तर पुढे, पडद्याच्या मागे दिले होते. पडद्याच्या रुंदीत तीनऐवजी पाच स्पीकर. संवाद बोलणारे पात्र पडद्यावर जिथे उभे आहे तिथूनच त्याचा आवाज यावा, हा हेतू. थोड्याच चित्रपटांनी ही पाची स्थाने वापरली आणि घरापर्यंत तर ते कधी आलेच नाही. अडीच-तीन फूट रुंदीच्या दूरचित्रवाणी संचामागे पाच स्पीकर मावणार तरी कसे? पुढची जागा विकता येत नव्हती. मागची येत होती.

पण मागच्या जागेत ठेवायचे काय? चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणाच्या व्यवसायात एक जुना वाक्प्रचार आहे. त्याचा भावार्थ 'बाहेर जाण्याच्या पाटीचा दोष' असा होईल. मागून एखादा ठसठशीत आवाज आला की प्रेक्षकाची मान वळते, दृष्टी दारावरच्या लाल पाटीवर जाते, आणि क्षणभर चित्रपट संपतो. हे त्या कलेतल्या जाणत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९५३ च्या 'द रोब'पासून सिनेमास्कोपच्या पटांत प्रेक्षागृहातल्या आवाजासाठी चौथा मार्ग होता. त्यावरची खरखर ऐकू येऊ नये म्हणून १२ किलोहर्ट्झच्या एका सूक्ष्म संकेताने ते स्पीकर एरवी बंदच ठेवले जात, हवे तेव्हाच उघडत. म्हणून मागच्या चॅनेलांत प्रामुख्याने जाते ते काय, तर पाऊस, रातकिडे, गर्दीची कुजबुज, संगीताची मागे उरणारी आस. ज्याकडे लक्ष जाऊ नये असे सर्व काही. लक्ष जाऊ नये अशा आवाजासाठी चार स्पीकर, आणि ज्यावर कथा उभी आहे त्या संवादासाठी मधला एक! घरोघरी संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, स्फोट झाला की घाईने कमी करायचा, आणि अखेरीस उपशीर्षके लावून मराठी चित्रपट इंग्रजीत वाचायचा, ही कसरत कोण करीत नाही?

'शोले'च्या १९७५ मधील सत्तर मिलिमीटरच्या प्रतीला स्टिरिओफोनिक ध्वनी होता. मुंबईच्या मिनर्व्हात जयने उडवलेले नाणे खणखणले की काही प्रेक्षक आपल्या खुर्चीखाली पाहत, अशी आठवण सांगितली जाते. ही आठवण नेहमी कौतुकाने सांगतात. आम्हांला तिच्यात दुसरेच काही दिसते. ते नाणे म्हणजे त्या कथेचा सगळा दैवविलास. त्याच्या दोन्ही बाजूंना छापाच आहे हे कळते तेव्हा जय मरत असतो. आणि प्रेक्षक खुर्चीखाली पाहत होता.

आता मराठी घराकडे येऊ. ७.१ च्या मांडणीत मागचे दोन स्पीकर १३५ ते १५० अंशांवर हवेत. म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीमागे काही फूट मोकळी जागा हवी. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात सोफा कुठे असतो? भिंतीला टेकलेला. त्याला दुसरी जागाच नाही. शास्त्रोक्त मांडणी करायची तर मागचे दोन चॅनेल शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये ठेवावे लागतील. (ध्वनीच्या अर्थाने ते तिथे पोचतातच, हा भाग वेगळा.) आमच्या प्राध्यापक मित्रांनी ते सोफ्याच्या वर, गणपतीच्या तसबिरीच्या दोन्ही अंगांना, खाली तोंड करून टांगले आहेत. रिसीव्हरबरोबर आलेला लहानसा मायक्रोफोन सोफ्याच्या मधल्या आसनावर ठेवून यंत्र जुळवून घ्यायचे असते. त्यानंतर सर्व दिशा त्या आसनापुरत्या खऱ्या होतात. तिथे सर बसतात. त्यांच्या पत्नी आणि आई डाव्या-उजव्या कडेला बसून ज्याच्या-त्याच्या जवळचा स्पीकर ऐकतात.

या एका आसनाच्या ध्वनीला 'समग्र अनुभव' म्हणायचे असेल तर म्हणावे. आमची हरकत त्याहून जुन्या गोष्टीवरून आहे. 'मागचा आवाज' ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. पोवाडा म्हणणारा शाहीर डफ घेऊन पुढे उभा राहतो. त्याच्या मागे तुणतुणे आणि झांज घेऊन झीलकरी असतात आणि चरणाच्या अखेरीस त्याचा सूर उचलून धरतात. गोंधळात संबळाच्या साथीने तेच होते. वारकरी कीर्तनात बुवा पुढे आणि टाळकरी मागे ओळीने उभे. ख्याल गाणाऱ्याच्या मागे दोन तानपुरे. संस्कृत नाटकात पडद्याआडून येणाऱ्या बोलण्याला तर नावच आहे, चूलिका. आणि जिथून ते येते ते नेपथ्य पात्रांच्या पाठीमागे असते. या सर्व ठिकाणी 'मागे' म्हणजे बोलणाऱ्याच्या मागे. ऐकणाऱ्याच्या मागे आवाज नेऊन ठेवावा असे यांतल्या कुणालाही वाटले नाही.

हा केवळ जागेचा फरक नाही. झीलकरी शाहिराच्या मागे उभा असतो तेव्हा तो आपल्याला दिसतो. शाहीर जे म्हणतो त्याचा तो पहिला श्रोता असतो. त्याने ऐकले, मानले, आणि उचलले, हे आपल्यासमोर घडते. क्वचित तो मध्येच प्रश्न करतो, शाहिराला थांबवतो, त्याची फिरकी घेतो. त्याच्यामुळे शाहिराचे बोलणे एकट्याचे राहत नाही. त्यामागे एक लहानसा समाज आहे हे डोळ्यांनी कळते. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांच्या लाल बावटा कलापथकाचे सामर्थ्य एकट्या मुख्य गायकाच्या आवाजात शोधणाऱ्याने झील ऐकलीच नाही, असे आम्ही म्हणू. याउलट ऐकणाऱ्याच्या पाठीमागे असलेला आवाज न दिसणारा असतो. त्याच्याकडे वळावे तर समोरचे सुटते. न वळावे तर तो कोण आहे हे कळत नाही. तो एक तर दचकवतो किंवा विसरला जातो. तिसरे फारसे काही त्याला करता येत नाही. आणि तो कुणाचेच ऐकत नसतो. खोके हे श्रोता नव्हे.

यावर कुणी म्हणेल, दिंडीचे काय? वारीत चालणाऱ्याच्या पुढे टाळ, मागे टाळ, मध्ये वीणा आणि मृदंग. त्याहून मोठा सराउंड कोणता? आक्षेप खरा आहे, आणि आम्हांला तो बराच काळ निरुत्तर करीत होता. पण दिंडीत वेढला गेलेला माणूस स्वतः गात असतो. त्याच्या डावीकडच्या वारकऱ्यासाठी तो उजवीकडचा आवाज असतो, पुढच्यासाठी मागचा. तिथे मधले आसन नाही; मायक्रोफोन कुठे ठेवणार? ज्याला कुणी वेढत नाही असाही तिथे कुणी नाही, आणि ज्याच्याकडून काही येत नाही असाही कुणी नाही. या वेढ्याची सोफ्यावर मौन बसलेल्या एका मालकाच्या वेढ्याशी तुलना करणे हा दिंडीवर अन्याय आहे. सोफ्यावर तर नाहीच नाही.

उलट टोकाचे उदाहरण गीतरामायणाचे. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून माडगूळकरांची आणि फडक्यांची ५६ गीते प्रसारित झाली. रेडिओ एक, स्पीकर एक, चॅनेल एक. ज्यांच्या घरी रेडिओ त्यांच्याकडे शेजारीपाजारी जमत. कुणी संचाला हार घालीत, उदबत्ती लावीत. तिथे आवाजाने श्रोत्यांना वेढले नव्हते. श्रोते आवाजाभोवती बसले होते. त्या एका लहानशा खोक्यातून अयोध्या, पंचवटी आणि लंका यांपैकी काहीही डावीकडून वा मागून आले नाही, आणि तरी त्या पिढीतील कुणाला आपण त्या कथेच्या 'बाहेर' राहिलो असे वाटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मर्ढेकरांनीही आकाशवाणीत नोकरी केली आणि संगीतिका लिहिल्या हे आपण विसरतो. लयीचा एवढा विचार करणारा माणूस एका चॅनेलच्या माध्यमात काम करीत होता, ही गोष्ट त्यांच्या समीक्षकांनी कधीतरी मनावर घ्यावी.

आता ध्वनीच्या खऱ्या सिद्धान्ताकडे. नवव्या शतकात काश्मीरात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला तेव्हा काव्यार्थासाठी त्याने ध्वनी हाच शब्द घेतला, आणि ध्वनीच्या एका प्रकारासाठी अनुरणनाची उपमा स्वीकारली: घंटेवर टोल पडून गेल्यावर जो नाद मागे रेंगाळतो तसा व्यंग्यार्थ वाच्यार्थामागून येतो. 'मागून' या शब्दाचा इथला अर्थ कालाचा आहे. टोल आधी, अनुरणन नंतर. आणि ते अनुरणन उमटते सहृदयाच्या ठायी. त्याला बाहेर जागा नसते, अंश नसतात. होम थिएटरचे तत्त्वज्ञान या 'नंतर'चे 'पाठीमागे' करून टाकते. जे श्रोत्याच्या मनात रेंगाळावे ते भिंतीवर टांगते, आणि मग मनाला करण्यासारखे काही उरत नाही. पावसाचा एक थेंब पत्र्यावर वाजवून जे जागे झाले असते ते चारी भिंतींतून पाऊस पाडून झोपवले जाते.

आम्ही यंत्रविरोधी नाही. 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये १९७९ साली वॉल्टर मर्च यांनी हेलिकॉप्टरचा आवाज प्रेक्षागृहात गोल फिरवला. तो विलार्डच्या डोक्यात फिरत होता, खोलीतल्या पंख्यात मिसळत होता, आणि बाहेर काय व आत काय हे कळेनासे होणे हाच तिथला आशय होता. आल्फोन्सो क्वारोनच्या २०१८ च्या 'रोमा'त कॅमेरा वळतो तसे माणसांचे आवाज आपली जागा सोडून बाजूला, मागे जात राहतात. घरकाम करणाऱ्या क्लेओला सगळीकडून हाका येतात, कारण सगळ्यांचे काम तिलाच करायचे आहे. या ठिकाणी मागच्या चॅनेलला बोलण्यासारखे काही होते, म्हणून तो बोलला. आमचे भांडण तो आहे म्हणून बोलवत ठेवण्याशी आहे. स्टिरिओतून सातांपुरता आवाज निर्माण करणाऱ्या त्या यंत्राशी आहे, जे कुणी काही म्हटलेले नसतानाही मागे काहीतरी म्हणत राहते.

आणि ते यंत्र साहित्यात शिरले आहे. गेल्या काही वर्षांत आम्ही वाचलेल्या अनेक जाड कादंबऱ्यांत मजकुराचा मोठा भाग मागच्या चॅनेलचा आहे: गावाचा भूगोल, जातींची यादी, जुन्या म्हणी, वर्तमानपत्रांतली कात्रणे, बोलीतले शब्द आणि त्यांचे अर्थ. यांतले बरेच काही लक्ष देऊन वाचण्यासाठी नसते. वाचकाला 'वातावरण' मिळावे म्हणून असते. समीक्षक पाने मोजतो, आवाज मोजतो, आणि 'बहुस्वर' हा शब्द वापरतो. बाख्तिनचा बहुस्वर एकमेकांचे ऐकणाऱ्या, एकमेकांना अडवणाऱ्या आवाजांचा होता. झीलकऱ्याचा होता म्हणा ना. स्पीकरांच्या संख्येशी त्याचा संबंध नाही. 'कोसला' १९६३ साली पांडुरंग सांगवीकराच्या एका आवाजात आली. त्या आवाजाने वाचकाला वेढले नाही. समोर उभे राहून, कधी तोंड वेंगाडून, कधी खाली मान घालून तो बोलला. त्यात शाळा, घर, मेस, मित्र, मेलेली बहीण हे सगळे ऐकू आले, कारण सांगवीकर त्यांचे ऐकत होता.

आमचे प्राध्यापक मित्र हे सर्व अमान्य करतात. त्यांच्या मते आम्ही एका साध्या वस्तूवर फार मोठा बोजा टाकतो आहोत. लोकांना शुक्रवारी रात्री थोडी मजा हवी असते, आनंदवर्धन नको असतो. शुक्रवारच्या रात्रीपुरते आम्ही त्यांच्याशी सहमत आहोत. सोमवारी सकाळी ते वर्गात जातात, तिथपासून मतभेद सुरू होतो.

आम्हीही वर्गात जातो. मध्यंतरी पदव्युत्तर वर्गात ध्वनिसिद्धान्त शिकवताना आम्ही नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या 'सैराट'चा शेवट दाखवला. महाविद्यालयाच्या सभागृहात पुढे दोन स्पीकर आहेत, त्यांतला एक कधी वाजतो, कधी वाजत नाही. त्या दिवशी त्याने फरक पडणार नव्हता. शेजारणीबरोबर लहान मूल घरी येते, आईबाप पडलेले पाहते, रडते, आणि वळून चालू लागते. ध्वनिपट्टीवर तेव्हा काहीच नसते. ज्या चित्रपटाचे संगीत लॉस एंजेलिसच्या सिम्फनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले आहे त्याने अखेरीस सगळे चॅनेल रिकामे ठेवले. दाखवून झाल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले की या अखेरच्या भागात तुम्हांला काय ऐकू आले ते कागदावर लिहा.

बहुतेकांनी 'काही नाही' असे लिहिले. काहींनी पंख्याचा आवाज, एकाने बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न, एकाने स्वतःचा श्वास. मागच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिले: बाळाच्या ओल्या पावलांचा फरशीवर होणारा आवाज. तिला विचारले तेव्हा ती आपल्या उत्तरावर ठाम राहिली; आवाज बारीक होता पण होता, म्हणाली. तास संपल्यावर ती आणि आम्ही थांबलो, दार लावून घेतले, पंखे बंद केले, आणि तो भाग पुन्हा लावून ऐकला. आवाज नव्हता.